मुंबईत तीन दिवस, माणशी तीन हजार: कसं बसवायचं?

प्रश्न असा आहे: नांदेडहून दोघे भाऊ पहिल्यांदाच मुंबई बघायला येताहेत. रेल्वेचं येण्या-जाण्याचं तिकीट सोडून राहणं, खाणं, फिरणं सगळं माणशी ३००० रुपयांत तीन दिवस होईल का?

होईल. मुंबईत खिसा रिकामा होतो तो खाण्यानं किंवा लोकलनं नव्हे. तो होतो स्टेशनपासून लांब घेतलेल्या खोलीमुळे आणि तिथं जाण्यायेण्याच्या टॅक्सीमुळे. म्हणून पहिली अट एकच: लॉज स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर हवा. खोली लहान चालेल.

आधी वार ठरवा, कारण वार चुकला तर पैसे आणि दिवस दोन्ही जातात. घारापुरी (एलिफंटा) आणि कान्हेरी ही लेणी सोमवारी बंद. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद. रविवारी लोकलच्या मध्य आणि हार्बर मार्गांवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत. त्या वेळात गाड्या कमी, उशिरा आणि खचाखच. हे सगळं टाळलं की सलग तीन दिवस म्हणून गुरुवार, शुक्रवार, शनिवार उरतात. बुधवारी संध्याकाळी नांदेडला देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसा, गुरुवारी सकाळी सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला) उतरा आणि शनिवारी रात्रीच्या देवगिरीनं परत जा. म्हणजे दिवस तीन, मुक्काम फक्त दोन.

आता नवखे हमखास चुकतात ती गोष्ट. सकाळी उतरल्या उतरल्या लॉजवर जाऊ नका. बऱ्याच लॉजचा दिवस दुपारी बाराला संपतो. गुरुवारी सकाळी आठला खोली घेतली तर बाराला पहिला दिवस संपला असं धरतात आणि दोन मुक्कामांचे तीन दिवस लावतात. त्याऐवजी सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिथं दोन गोष्टी लागतात: गाडीचं तिकीट आणि बॅगेला कुलूप. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, तेव्हा छोटं कुलूप घरूनच आणा. खोली संध्याकाळी पाचला घ्या. चोवीस तासांचा हिशेब ठेवणारा लॉज मिळाला तर शनिवारी पाचपर्यंत खोली तुमचीच. फोनवर विचारताना शब्द नेमके वापरा: ‘चेकआउट बाराचं की चोवीस तासांचं?’

खोली दादर पूर्वेला किंवा भायखळ्याला बघा. माझी पसंती दादरला, कारण मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग तिथं मिळतात. दोघांत एक बिगर-एसी खोली किंवा डॉर्मिटरीतल्या दोन खाटा, माणशी रात्रीचे सातशेच्या आसपास धरा. पैसे देण्याआधी खोली डोळ्यांनी बघा: खिडकी आहे का, भिंत पक्की आहे की नुसतं प्लायवूडचं पार्टिशन, नळाला पाणी किती वाजेपर्यंत. दोघांचंही मूळ आधारकार्ड जवळ ठेवा.

लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट दहा किलोमीटरपर्यंत ५ रुपये आहे. सीएसएमटी ते दादर त्यातच बसतं. तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो, म्हणून सकाळीच काढून खिशात ठेवू नका. गाडी फलाटावर आली की घाईत कुठल्याही डब्यात चढू नका. बाहेरून तिरके पट्टे रंगवलेले असतील तर तो पहिला वर्ग. महिलांचे, अपंगांचे आणि सामानाचे डबेही वेगळे असतात. एसी लोकलला साधं तिकीट चालत नाही. चूक अजाणता झाली तरी टीसी किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं घेतो, म्हणजे तुमचं एका दिवसाचं जेवण गेलं.

इंडिकेटर, म्हणजे फलाटावरची गाड्यांची पाटी, वाचायला शिका. त्यावर शेवटचं स्टेशन, जलद की धीमी, किती डबे आणि किती मिनिटांत येणार एवढं दिसतं. जलद गाडी मधली बरीच स्टेशनं सोडते. भायखळ्याला जाताना धीमी धरा, म्हणजे चुकण्याचा प्रश्नच नाही. दादरला फलाट १ ते ७ पश्चिम मार्गाचे, ८ ते १४ मध्य मार्गाचे. पुलावर चढण्याआधी आकडा बघून घ्या. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत नवख्या माणसानं चढूच नये. पाठीवरची बॅग पोटावर घ्या, मोबाइल आत.

गुरुवारी सामान ठेवून सीएसएमटीहून चालत निघा. समोरून एकदा इमारत नीट बघा, १८८८ साली पूर्ण झालेली. मग हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, काळा घोडा करत गेटवे. सगळं मिळून अर्ध्या-पाऊण तासाची चाल. तिथून नऊच्या सुमारास घारापुरीची लाँच सुटायला लागते. परतीसह तिकीट अडीचशेच्या आसपास, लेण्यांचं ४० रुपये, शिवाय बेटावर थोडा कर. लाँचच्या वरच्या डेकसाठी वेगळे पैसे मागतात. खाली बसलात तरी समुद्र तेवढाच दिसतो. धक्क्यावरची छोटी गाडी सोडा, चालत जा. पुढं सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्या ऊन चढायच्या आत संपवायच्या. हातात खाऊ धरू नका, माकडं ओढून नेतात. वेरूळ पाहिलेलं असलं तरी त्रिमूर्तीसमोर थोडं थांबा. डोळे अंधाराला सरावले की बाजूच्या चेहऱ्यांतला फरक दिसायला लागतो, एक उग्र, एक सौम्य. जेवण मात्र बेटावर नको, महाग पडतं. परत येऊन फोर्ट भागात राइस प्लेट, म्हणजे साधी थाळी, घ्या. ती साधारण तीनपर्यंतच मिळते.

पावसाळ्यात येत असाल तर समुद्र खवळला की लाँच बंद होतात. तेव्हा घारापुरीऐवजी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी करा. उद्यानाचं आणि लेण्यांचं तिकीट वेगवेगळं, आणि लेणी दारापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत, त्यामुळे बसचे पैसे हाताशी ठेवा. शंभरावर लेणी आहेत, पण खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पाण्याची व्यवस्था. कातळात खोदलेल्या बारीक पन्हळी पावसाचं पाणी लेण्याशेजारच्या पोढीत, म्हणजे टाक्यात, आणून सोडतात. पावसात ते पाणी वाहताना दिसतं.

शुक्रवारी भायखळा. राणीच्या बागेचं तिकीट मोठ्या माणसाला ५० रुपये, पेंग्विन त्यातच. शेजारीच १८७२ साली सुरू झालेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तिथं जुन्या मुंबईच्या मातीच्या प्रतिकृती बघायला किमान तास ठेवा. दुपारी माटुंग्याला उडुपी जेवण, संध्याकाळी शिवाजी पार्क, चैत्यभूमी आणि दादर चौपाटी, सगळं पायी.

शनिवारी चर्नी रोडला उतरा: गांधीजी मुंबईत राहत ते मणिभवन, कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डन, बाणगंगा तलाव. यात तिकिटाला जवळपास काहीच लागत नाही, चढ मात्र आहे. बाराला खोली सोडावी लागणार असेल तर निघतानाच सामान परत क्लोकरूमला टाका. पाचच्या सुमारास गिरगाव चौपाटीवरून मरीन ड्राइव्हनं चर्चगेटकडे चालत जा.

खाण्याचे दिवसाला ३०० पुरतात: सकाळी इराणी हॉटेलात बनमस्का-चहा, दुपारी राइस प्लेट, संध्याकाळी वडापाव. पाण्याची बाटली घरची आणा.

रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला चालत नाही. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये, तेही मीटरनं. ‘मीटर बंद आहे’ म्हणाला तर दुसरी बघा. बेस्टची साधी बस १० रुपयांपासून, एसी १२ पासून.

आता माणशी बेरीज: खोली १४००, जेवणखाण ९००, प्रवास २००, घारापुरी सव्वातीनशे, राणीची बाग आणि संग्रहालय मिळून पाऊणशे. झाले २९००. उरलेले शंभर शनिवारी रात्री गाडीत खायला काही घेण्यासाठी ठेवा, आणि ते स्टेशनच्या आत नव्हे, बाहेरून घ्या.