जिल्ह्याच्या गावी आईला असिस्टेड लिव्हिंगमध्ये ठेवायला महिना किती खर्च येतो? सरकारी मदत मिळते का?

तुम्ही विचारलाय तो खर्च. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "भाऊ म्हणतो, आईला तिथे ठेवलं तर लोक नावं ठेवतील." मी लिहायला बसले ती या वाक्यामुळे.

आधी आकडा सांगते. आम्ही साताऱ्याचे. आईचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तिला एकटीला उठता येईना. गावाबाहेरच्या एका असिस्टेड लिव्हिंग केंद्रात, म्हणजे राहणं-जेवण आणि रोजची शुश्रूषा दोन्ही मिळतं अशा ठिकाणी, चौकशी केली तेव्हा फोनवर १८,००० सांगितले. पहिल्या महिन्याचं बिल आलं २६,४००. राहणं-जेवण १८,०००, पूर्ण मदत लागते म्हणून वरचे ३,०००, डायपर २,७००, फिजिओचे २,४००, डॉक्टरांची व्हिजिट ३००. यातलं काहीच अवाजवी नव्हतं. पण फोनवर सांगतात तो दर चालत्याफिरत्या माणसाचा असतो, आणि चालत्याफिरत्या माणसाला कुणी सहसा तिथे नेतच नाही. म्हणून "तुमचा दर काय" असं विचारू नका. "आई स्वतः संडासला जाऊ शकत नाही, रात्री उठवावं लागतं, सगळं धरून किती?" असं विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. डिपॉझिट कधी आणि किती परत मिळतं, रात्रपाळीला किती पेशंटमागे एक माणूस असतो, दवाखान्यात ॲडमिट करावं लागलं तर तिथे जवळ कोण बसणार आणि त्या दिवसांचे पैसे बिलातून वजा होतात का, हेही त्याच कागदावर.

आता भावाचं. त्याआधी आईला आम्ही घरीच ठेवलं होतं. आम्ही म्हणजे मी. नर्सिंग ब्यूरोकडून चोवीस तासांची बाई घेतली. ती चांगली होती, पण तिचंही घर होतं, तिचंही पोर आजारी पडायचं. ती गेली की ब्यूरो दुसरी पाठवायचा, तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आईच्या माकडहाडापाशी आधी नुसता लाल चट्टा होता, दाबला तरी पांढरा न पडणारा. मग तिथली कातडी गेली. एकट्या माणसाने कूस बदलायची तर पेशंटला ओढावं लागतं आणि त्या ओढण्यानेच कातडी सोलते. दोन माणसांनी खालची चादर दोन्हीकडून धरून उचललं तर तसं होत नाही. रात्री दोन वाजता घरात दुसरं माणूस आणायचं कुठून?

दादा पुण्यात. रविवारी यायचा, आईजवळ खुर्ची ओढून बसायचा, तिचा हात हातात घ्यायचा. प्रेम होतं, ते मी नाकारत नाही. पण चार वाजले की खंबाटकीत ट्रॅफिक लागेल म्हणून निघायचा. आणि केंद्राचा विषय काढला की, "आपल्या घरातलं कुणी आजवर आश्रमात गेलेलं नाही." मी म्हटलं, मग महिन्यातून एक आठवडा तू रात्री थांब. त्यावर उत्तर नाही. जो रात्री उठत नाही त्याला नकार द्यायचा अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांनाही नाही. नावं ठेवणाऱ्या आत्याबाईंपैकी एकीनेही कधी डायपर बदललेलं नव्हतं.

केंद्रात एअर बेड, म्हणजे हवेची गादी, होता, उचलायला दोघी होत्या. जखम भरली. आई मला म्हणाली, "इथे रात्री हाक मारली की कुणीतरी येतं. तिकडे तुला उठवायचं माझ्या जिवावर यायचं." घरी ती रात्र रात्र हाक न मारता पडून राहायची, हे मला तेव्हा कळलं.

सरकारी मदतीवर फार भिस्त ठेवू नका. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ऑक्टोबर २०२४ पासून. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. रोजच्या सांभाळाला त्यातलं काही मिळत नाही. मेडिक्लेमचंही तेच, पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींत 'रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन आणि रेस्पाइट केअर' (विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरता सांभाळ) असं लिहिलेलं सापडेल. श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० आहेत, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,०००च्या आत लागतं, तेव्हा नोकरदाराच्या घरात ते विसरा. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रमाची तरतूद आहे, तीही निराधारांसाठी, आणि सरकारवर तशी सक्ती नाही. खरा उपयोग जिल्हा रुग्णालयाचा होतो: ज्येष्ठांची ओपीडी आणि फिजिओथेरपी तिथे आहे का, ते आधी बघून या. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, फोन मोफत.

आईची ठेव असेल तर सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये कमाल ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिना २०,५००. पूर्ण ३० लाख गुंतवले असते तरी आमचं पहिलं बिल त्यात भागलं नसतं. उरलेलं मुलांनी घालायचं, आणि हे भावाला आधीच सांगा. २००७च्या त्याच ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखीच आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, कायद्यात तिथे वकिलाला मनाई आहे आणि महिना कमाल १०,००० मंजूर होतात. आईला भांडण नको होतं म्हणून आम्ही गेलो नाही. पण दादाला हे कलम वाचून दाखवल्यावर तो महिन्याचे पैसे वेळेवर पाठवायला लागला.

सगळीच केंद्रं चांगली नसतात, हेही खरं. दुपारी वेळ घेऊन बघायला बोलावतात तेव्हा सगळं छान दिसतं. तुम्ही न सांगता संध्याकाळी जेवणाच्या वेळेला जा, भरवायला कोण बसतंय ते बघा. खोलीत लघवीचा वास आहे का बघा. घरात रात्री उठणारी दोन-तीन माणसं असतील आणि आईला घरीच राहायचं असेल, तर घरीच ठेवा, मी विरोधात नाही. आणि स्मृतिभ्रंश असेल तर माझे आकडे धरू नका, तिथे सतत नजर ठेवणारं माणूस लागतं आणि खर्च आणखी चढतो.

शेवटचं, घराचं. राहतं घर आईच्या नावावर असेल आणि ते भावाला बक्षीसपत्राने द्यायचं घाटत असेल, तर "आईचा सांभाळ करीन" ही अट दस्तातच लिहून घ्या. अट असेल आणि त्याने ती मोडली तर त्याच २००७च्या कायद्याच्या कलम २३ खाली हस्तांतर रद्द करून घेता येतं. आमचं घर खुबा मोडण्याच्या कितीतरी आधी दादाच्या नावावर झालं होतं. दस्तात सांभाळाची एक ओळ नाही.