वाचकांचे प्रश्न: खाऱ्या वाऱ्यातला स्लॅब

प्रश्न : मोरजीला समुद्राजवळ घर बांधतोय. कार्बन कमी करणाऱ्या काँक्रीटवर प्राध्यापक मंडळी काम करतात असं वाचलं, म्हणून स्लॅग सिमेंट वापरायचं म्हटलं. कंत्राटदार म्हणतो, 'ते कच्चं, स्लॅब टिकणार नाही.' काय करावं?

उत्तर : स्लॅग सिमेंटच घ्या. गोणीवर त्याच्या भारतीय मानकाचा आकडा, 'आयएस 455', छापलेला असतो. पोलाद कारखान्यातली मळी, म्हणजेच स्लॅग, त्यात 25 ते 70 टक्के असते. तेवढा क्लिंकर (ज्याची भुकटी करून सिमेंट होतं ते भाजलेले खडे) 1450 अंशांवर भाजायचा वाचतो, म्हणून कार्बन कमी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या काँक्रीटची छिद्रं बारीक होतात आणि खाऱ्या हवेतलं क्लोराइड, म्हणजे मिठातला सळई गंजवणारा अंश, सळईपर्यंत उशिरा पोचतं. किनाऱ्यावर घराचा जीव घेतं ते क्लोराइडच. गंजलेलं लोखंड फुगतं, स्लॅबचा खालचा पापुद्रा सुटतो.

कंत्राटदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. हे सिमेंट सुरुवातीला सावकाश घट्ट होतं. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा साचा आणि टेकू, काढायची घाई नको. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याचे टेकू 14 दिवस ठेवतात, इथे त्याहून जास्त. किती, ते त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे (क्यूब) प्रयोगशाळेत फोडून ठरवा. क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) 14 दिवस, तेही स्लॅबवर आळी करून पाणी साठवून. दिवसातून दोनदा पाइप फिरवला की काम झालं, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. वर सुकलेलं स्लॅग काँक्रीट खडूसारखं भुसभुशीत राहतं, मग दोष सिमेंटवर येतो.

काँक्रीटचं मानक आयएस 456 किनाऱ्यावरच्या बांधकामाला 'तीव्र' वर्गात धरतं : काँक्रीटची ताकद किमान एम-30 प्रतीची, घनमीटरला 320 किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त 0.45, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) 45 मि.मी. 0.45 म्हणजे 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, वाळूतला ओलावा धरून. गोणीमागे शंभरेक किलो वाळूत 5 टक्के पाणी असेल तर पाच लिटर तिथेच गेले. घट्ट वाटलं म्हणून मिक्सरमध्ये बादली ओतू देऊ नका, पाणी न वाढवता मिश्रण सैल करणारं रसायन, प्लास्टिसायझर, वापरा. सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक काँक्रीटचेच हवेत. चिऱ्याचा तुकडा सळईखाली सरकवला की तिथूनच ओल शिरते.

तुम्ही वाचलेल्या त्या प्राध्यापकांचं काम बहुधा एलसी-3 या कमी क्लिंकरच्या सिमेंटवरचं. स्वित्झर्लंडच्या करेन स्क्रिव्हनर आणि आपल्या आयआयटींमधले संशोधक त्यावर काम करत आले आहेत. साधारण 50 टक्के क्लिंकर, 30 टक्के भाजलेली माती, 15 टक्के चुनखडी, बाकी जिप्सम. माती सुमारे 800 अंशांवर भाजते. हे सिमेंटही क्लोराइड चांगलं अडवतं. त्याचं आयएस 18189 हे मानक 2023 मध्ये आलंय. गोणीवर तो आकडा असेल तरच घ्या.

प्रश्न : विहिरीचं पाणी किंचित खारट आहे. चालेल?

उत्तर : आधी तपासून घ्या. सळई असलेल्या काँक्रीटला लिटरमागे 500 मि.ग्रॅ. क्लोराइडपर्यंत मुभा आहे. वर गेलं तर टँकर मागवा, क्युरिंगलासुद्धा.