तासाला चारशे परवडत नाहीत

गुहागरहून एका ताईंनी विचारलंय: "हॉटेलातली नोकरी सोडून दोन वर्षं झाली. जहाजावर किंवा हॉटेलात लागू पाहणाऱ्या मुलांची इंग्रजी मुलाखतीची तयारी ऑनलाइन, एकेकट्याची करून घेते. तासाला 400, आठवड्याला 12 तास. घरात महिना 40,000 यायला हवेत. फी वाढवली तर मुलं जातील का? आणि पुतण्याला फुकट शिकवलं तर चालेल का?"

काही जातील, ताई. आधी हिशेब बघा. गणपती, शिमगा, आजारपण, वादळात लाईट गेली की बुडणारे दिवस, हे सगळं वगळून वर्षाचे 44 आठवडे धरा. म्हणजे 528 तास आणि 2,11,200 रुपये. नेट, इन्व्हर्टरची बॅटरी, लॅपटॉपची झीज यांचे 60,000 धरले, तर महिन्याला हातात राहतात 12,600. त्यात बायोडेटा दुरुस्त करणं, रात्री अकराला आलेली व्हॉइस नोट ऐकून चुका सांगणं हा शिकवण्याच्या दर तासामागचा आणखी तासभर तुम्ही मोजलेलाच नाही. तो मोजला तर कमाई तासाला 150 सुद्धा पडत नाही.

आंब्याची पेटी दलालाकडे टाकून येईल ती पट्टी घ्यायची, तसं तुमचं झालंय. इथे तर दलालही नाही, भाव तुम्हीच पाडलाय.

40,000 हवे असतील तर दर हजाराच्या आसपास येतो. 600 करून बघू, असं करू नका. मुलं तेवढीच कुरकुरतील आणि भागणार तरीही नाही. आज 12 तासांचे आठवड्याला 4,800 येतात. हजार केले आणि बारातले सात तास रिकामे झाले, तरी पाच तासांचे 5,000 येतील. रिकाम्या वेळात नवी मुलं शोधा. ती मिळेपर्यंत सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. नसेल तर फी फक्त नव्या मुलांना वाढवा, जुन्यांना गणपतीनंतर.

तास विकू नका, आठ तासांची तयारी 8,000 ला द्या. अर्धे आधी, उरलेले चौथ्या तासाला. आयत्या वेळी दांडी मारली तर तास बुडाला. लाईट तुमची गेली तर भरून द्या.

जीएसटीची धास्ती नको, सेवांना नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे. आयकराचं रिटर्न मात्र भरत राहा, उद्या कर्जाला बँक तेच मागेल.

आणि पुतण्याला फुकट शिकवायचं तर खुशाल शिकवा, पण त्याला वेळ या बारा तासांबाहेरची द्या.