टाकीवालं जीवन

प्रश्न मेहकर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमचा आहे. विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मंगळावर जीवन आहे का?' तर सातवीतल्या एका पोरानं विचारलं, "म्यॅडम, जीवन म्हंजे टाकीवालं काय?" वर्ग हसला. मॅडम विचारतात, इथे 'जीवन' बरोबर की 'जीवसृष्टी'? आणि 'ॲस्ट्रोबायॉलॉजी'ला, म्हणजे पृथ्वीबाहेरच्या सजीवांचा शोध घेणाऱ्या शास्त्राला, मराठीत काय म्हणावं?

मॅडम, पोरगं बरोबर आहे. चुकला तो हसणारा वर्ग.

'जीवसृष्टी' लिहा, 'सजीव' लिहा, आमच्या बोलीत 'मंगळावर कोणी जित्तं हाय काय' लिहिलंत तरी माझी हरकत नाही. 'जीवन' नको. बातम्यांतून हे रोज कानावर आदळतं: 'शुक्रावर जीवनाची शक्यता', 'परग्रहावरील जीवनाचा शोध'. हिंदीत ते चालतं, खुशाल चालो. मराठी कानाला 'मंगळावरचं जीवन' म्हणजे तिथले लोक सकाळी किती वाजता उठतात आणि भाकर ज्वारीची खातात की कशाची, असं ऐकू येतं. त्यावर कडी म्हणजे 'जीवनाचा उगम'. उगम नदीचा असतो. हे वाचलं की मला अजिंठ्याच्या डोंगरातली पैनगंगा दिसायला लागते.

आयुष्य, जगणं हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. गंमत टाकीतच आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात पाण्याची नावं दिलीत, त्यात ही ओळ येते: 'पयः कीलालममृतं जीवनं भुवनं वनम्'. जीवन म्हणजे पाणी. (भुवन आणि वनही पाणीच, पण त्यात शिरलो तर रात्र होईल.) म्हणून तर पाणीपुरवठ्याचं खातं 'जीवन प्राधिकरण' झालं, आणि पोराला टाकी आठवली ती त्यामुळेच. 'जलजीवन मिशन' मात्र अमरकोशाच्या हिशेबानं 'पाणीपाणी मिशन' होतं.

यावर ठरलेलं स्पष्टीकरण येतं: पाण्यावाचून जगता येत नाही, म्हणून कवींनी लाडानं पाण्याला जीवन म्हटलं. परवा एका व्याख्यानात चांगल्या नावाजलेल्या वक्त्यानं हेच सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. यात लाड नाही, व्याकरण आहे. संस्कृतातला 'अन' प्रत्यय मुख्यतः दोन कामं करतो. एक, क्रिया सांगतो: पठन, गमन. दोन, क्रियेचं साधन सांगतो: ज्यानं वाहून न्यायचं ते वाहन, ज्यानं साधायचं ते साधन. तसंच जगण्याची क्रिया ती जीवन आणि ज्यानं जगायचं ते, म्हणजे पाणी, तेही जीवन. दोन्ही अर्थ एकाच साच्यातून निघाले. 'जगणारे प्राणी' हा तिसरा अर्थ त्या साच्यात बसत नाही. वाहन म्हणजे बैलगाडी. तीत बसलेल्या पाहुण्यांना कोणी वाहन म्हणतं का?

आता खरी मजा. मंगळाच्या शोधासाठी नासानं कित्येक वर्षं एकच धोरण ठेवलं होतं: पाण्याचा माग काढा. 2008 साली फिनिक्स यानानं मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडची माती उकरली, तर खाली पांढरे खडे दिसले. चार दिवसांत ते नाहीसे झाले. मीठ असं उडून जात नाही, म्हणजे ते पाण्याचं बर्फ होतं. तेव्हा मंगळावर जीवन 2008 सालीच सापडलं. जीव अजून सापडायचा आहे. बातमीदार चुकीच्या शब्दानं खरं बोलत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता!

तुमच्यापासून लोणार काही लांब नाही, म्हणून तेही सांगून टाकतो. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं ते विवर काळ्या बेसाल्टात, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकात, झालंय. (उल्केनं नव्हे, अशनीनं. जळत खाली येताना दिसते ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी. हा वाद मी दरवर्षी घालतो, यंदा माफ करतो.) मंगळाची जमीनही बरीचशी बेसाल्टचीच, म्हणून मंगळवाल्यांचं लोणारकडे लक्ष. लोणारच्या पाण्याचा सामू (पीएच) 10च्या आसपास, म्हणजे पाणी भलतंच अल्कधर्मी. माती परीक्षणाच्या कागदावर असा आकडा आला तर शेतकरी कपाळाला हात लावेल, पण त्या पाण्यात सूक्ष्मजीव मजेत आहेत. 2020च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या अशाच जिवांमुळे, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. आणि 18 फेब्रुवारी 2021 रोजी पर्सिव्हरन्स गाडी मंगळावर जिथे उतरली, ते जेझेरोही विवरच, तिथेही कधीकाळी पाणी साचलेलं. 'जेझेरो' या शब्दाचा अर्थ कितीतरी स्लाव्ह भाषांत 'सरोवर' असाच आहे.

'लोणार' नावाबद्दल लवणासुराची कथा सांगतात. कथा म्हणून छान आहे. शिकलेले लोक 'लवणकार'पासून लोणार काढतात, कुंभकाराचा कुंभार होतो तसा. पण कुंभार हा माणूस असतो आणि लोणार हे गाव आहे! माझ्या मते मूळ शब्द 'लवणाकर', म्हणजे मिठाची खाण. रत्नाकर म्हणजे रत्नांची, तसा. मधला 'क' गळाला की लोणार उरतं. हे मी वीस वर्षं सांगतोय, कोणी मानत नाही. शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावरून उडणाऱ्या बर्फाळ फवाऱ्यांतून कॅसिनी यान गेलं, तेव्हा त्यातही मीठ निघालं. म्हणजे एक लवणाकर तिकडेही आहे.

हां, ॲस्ट्रोबायॉलॉजी. 'खगोलजीवशास्त्र' म्हणा, रुळलेलं आहे. नाही म्हटलंत तरी बिघडत नाही, कारण ग्रीक 'बिओस' आणि आपला 'जीव' एकाच मूळ धातूचे, आणि 'ॲस्ट्रो' व 'तारा' हेही भाऊभाऊ. तारणारी ती तारा, असं सांगणाऱ्यांनी ऋग्वेदातला 'स्तृभिः' (म्हणजे 'ताऱ्यांनी') बघावा, म्हणजे सुरुवातीचा 'स' कुठे हरवला ते कळेल.

भित्तिपत्रक नवं करत बसू नका. 'न'वर कागदाची चिठ्ठी चिकटवा: 'मंगळावर जीव आहे का?' फक्त ते पोरगं पुन्हा उठून विचारेल, "कोनाचा, म्यॅडम?" त्याला माझं नाव सांगा.