मुलीला थॅलेसेमिया आहे, इंग्लंडला यावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहा वर्षांची आहे, थॅलेसेमिया मेजर (शरीरात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार), दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि अंबडच्या कंपनीकडून इंग्लंडची ऑफर आलीय. तिकडे जीन थेरपी मिळेल का, हा प्रश्न. मीही सिडकोतला, याच आजाराच्या मुलाला घेऊन इकडे आलो, म्हणून स्पष्टच सांगतो: नोकरी पटत असेल तर या, नुसत्या जीन थेरपीच्या आशेवर नको.

कॅसजेव्ही या जीन थेरपीला ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये जगात सगळ्यात आधी मान्यता दिली. ऑगस्ट 2024 मध्ये एनएचएससाठीही, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीही, होकार आला, पण वय किमान 12 हवं आणि जुळणारा डोनर नसेल तरच. मान्यतेच्या वेळी 42 पेशंटचे निकाल हाती होते, त्यातल्या 39 जणांना निदान वर्षभर रक्त लागलं नव्हतं. आकडा भारीच. पण हे सुई टोचून घरी यायचं काम नाही. पेशंटच्याच स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) काढून लॅबमध्ये बदलतात, त्या परत देण्याआधी जबर केमो. पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, हे आधीच विचारून घ्या.

तुमच्या धाकट्या मुलाचं एचएलए तपासलंत का, म्हणजे डोनर म्हणून तो बहिणीशी जुळतो का? जुळलं तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट भारतातच होतं, आणि सतत रक्त चढवून शरीरात लोह साचायच्या आत, लहान वयात केलेलं बरं. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेची चौकशी करा, दहा लाखांपर्यंत मदत मिळते. तुमच्या जागी मी व्हिसाआधी हेच केलं असतं.

व्हिसाचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियावाले आजाराचा खर्च मोजतात, इथे तसं नाही. व्हिसासोबत भरायचा हेल्थ सरचार्ज मात्र वर्षाला मोठ्यांना 1,035 आणि मुलांना 776 पौंड, सगळ्या वर्षांचा एकदम. कंपनी भरतेय का, ते आधी लेखी घ्या. मग रक्त, गोळ्या, एमआरआय यांचं वेगळं बिल नाही. तिकडे मे महिन्यात रक्तदान शिबिरं आटली की डोनरसाठी फोन फिरवायचे, ते सुटलं.

साचलेलं लोह काढणाऱ्या डेफेरासिरॉक्सची विरघळणारी गोळी असेल तर ग्लासच्या तळाशी राहिलेला पांढरा गाळ पुन्हा पाणी घालून पाजावा लागतो, तुम्हाला माहीतच असेल. इथे गिळायची कोटेड गोळी मिळते, तिचा डोस साधारण 30 टक्के कमी असतो. जुन्या चिठ्ठीवरचे मिलिग्रॅम तसेच चालवू नका. फेरिटिनचे (शरीरातल्या लोहाचे) सगळे रिपोर्ट, ट्रान्सफ्युजनची वही आणि अँटीबॉडीचा रिपोर्ट हॅन्डबॅगेतच ठेवा.