घोडी खोडील आहे म्हणून घोडा लावताय? आधी तिचे पाय बघा

दादा, प्रश्न नीट वाचला. चार वर्षांची काठेवाडी-मारवाडी मिक्स घोडी, पलूसच्या बाजूला मळ्यात बांधलेली, नाल मारताना लाथा झाडते, खरारा करताना चावायला येते, पुढच्या खुरांना उभ्या चिरा, आणि गावातले म्हणतायत एक वेत झालं की शांत होईल, म्हणून तुम्ही ६४ इंच उंचीचा नाचणारा घोडा ठरवलाय. माझं मत सरळ सांगतो, आत्ता लावू नका.

वेतानं घोडी शांत होते हे आपल्याकडं सगळीकडं ऐकायला मिळतंय. गाभणपणात काही घोड्या जरा सुस्त होतात हे खरंय, पण ११ महिने सरले, शिंगरू खाली आलं की परत तीच घोडी, उलट शिंगराजवळ कुणाला फिरकू देत नाही. आणि शिंगरू पहिले पाच-सहा महिने आईच्या मागंमागंच असतंय, ती माणूस दिसला की कान मागं टाकते तर तेपण तेच शिकतंय. आज एक खोडील आहे, मग दोन सांभाळाव्या लागतील.

तुमच्या घोडीला मी खोडील म्हणणारच नाही अजून. पाय उचलताना आणि खरारा करतानाच बिघडते आणि एरवी रस्त्यावर ट्रॅक्टर, डीजे सगळं सहन करते असं तुम्हीच लिहिलंय. मुळात बुजरी असती तर तिथं बुजली असती. मला पाय दुखत असल्याचा किंवा नालबंदाची भीती बसल्याचा संशय येतोय. आपल्या भागात घोड्याचे नालबंद कमी राहिलेत, बैलाला पत्र्या मारणारेच घोड्यालापण नाल ठोकतात. बैलाला दोरानं पाडून पत्री मारायची पद्धत आहे, तेच घोड्याला केलं की जनावर आयुष्यभर विसरत नाही. घोडा उभ्यानंच पाय देणारा पाहिजे, आणि ते शिकवायचं काम मालकाचं. रोज सकाळी चारही पाय एकेक करून उचला, सुरुवातीला नुसतं दोन सेकंद, शांत राहिली की लगेच खाली सोडा, मग हळूहळू वेळ वाढवा, खुरावर दगडानं टकटक करा. ती ओढत असताना पाय सोडू नका, नाहीतर ओढलं की सुटका होते हेच शिकेल. पण पाय फार वर किंवा बाजूला ताणला तर तिला खरंच त्रास होतोय, तेही बघा.

आता खूर. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणजे वरच्या केसाच्या कडेपासून खाली पंजापर्यंत, म्हणजे खुराच्या पुढच्या टोकापर्यंत, नवा खूर यायला वर्षभर धरा. त्यामुळं आज पडलेली चीर कुठल्याच तेलानं भरून येत नाही. एरंडेल लावा नाहीतर जळकं ऑइल लावा, खूर नुसता चकाकतो. चीर वरून नवीन खूर येऊनच जाणार, आणि तोपर्यंत ती वाढू नये म्हणून पंजा लांब ठेवायचा नाही. दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर घासायचा. नाल झिजली नाही म्हणून तीन-तीन महिने तशीच ठेवतात ते मला अजिबात पटत नाही, लोखंड झिजत नाही पण खूर वाढतोच ना, पंजा पुढं पळतो, टाच खाली बसते आणि सगळा ताण पायाच्या मागच्या बाजूच्या शिरांवर येतो. नालबंद खूर बघून नाल वाकवतोय का नाल ठोकून बाहेर राहिलेला खूर कानशीनं उडवतोय, एवढं उभं राहून बघा. दुसरा प्रकार करत असेल तर बदला.

खालून पण बघा. टाचेकडनं पुढं येणारा व्ही आकाराचा मऊ भाग असतो, त्याच्या बाजूच्या खाचांत काळं, घाण वासाचं काही निघालं तर तो भाग सडतोय. नदीकाठच्या काळ्या मातीत मुताच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या जनावरांना हे हमखास होतं. महाबळेश्वरच्या पावसात तीच गोष्ट. उलट माण, जत, आटपाडीकडं खूर कोरडे पडून तडकतात. खाचा रोज साफ करा, कोरड्या करा, पोव्हिडोन आयोडीन लावा, आणि मुख्य म्हणजे उभं राहायची जागा कोरडी करा. जागा न बदलता औषध लावत बसलात तर उपयोग नाही. खुराला जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारा, घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो.

अजून एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात पण मला तीच खटकली. सीझनमध्ये उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, आणि वर गव्हाचा कोंडा. गुऱ्हाळाच्या पट्ट्यात वाढं फुकट मिळतंय म्हणून सगळे घालतात, पण वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, कोंड्यात फॉस्फरस भरपूर, मग शरीर हाडातनं कॅल्शियम ओढतं. आधी चाल आखडते, कधी या पायानं तर कधी त्या पायानं लंगडते, पुढं तोंडाची हाडं फुगतात. हत्तीघासाचंपण तेच. अशा घोडीला गाभण करणं म्हणजे तिच्या हाडातलं शिंगराला देणं. ज्वारीचा कडबा आणि लसूणघास यावर आणा, मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. घोड्याला उलटी करता येत नाही, पोट बिघडलं तर जिवावर बेततं.

घोड्याबद्दल. नाचतो आणि उंच आहे हे ऐकून लावू नका. अनोळखी माणूस मोकळ्या मोरकीवर त्याला धरू शकतो का, चारही पाय देतो का, नालेशिवाय त्याचा खूर कसा आहे, आणि त्याची आधीची शिंगरं कुठं आहेत ती जाऊन बघा. देवमण, आसूढाळ हे अंगावरचे केसांचे भोवरे किंवा पंचकल्याणी म्हणजे चार पाय आणि तोंड पांढरं, हे बाजारात भाव ठरवायला चालतं, भोवऱ्यावरनं स्वभाव कळतो हे मला कधीच पटलेलं नाही. पांढरा खूर कच्चा असतो हेही तसंच, रंगापेक्षा खुराच्या भिंतीची जाडी बघा.

सगळं जमलं तर फेब्रुवारी-मार्चच्या माजाला लावा. म्हणजे शिंगरू पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत, पावसाच्या आधी चार-पाच महिन्यांचं होतंय. ऑगस्टला लावली तर जुलैच्या चिखलात विते. लावल्यावर साधारण १४ ते १६ दिवसांनी सोनोग्राफी करा, जुळं घोडीला झेपत नाही आणि तेव्हाच कळलं तर डॉक्टरांना काही करता येतं. जवळ सोय नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. तोपर्यंत चारही खुरांचे सपाट जागेवर बाजूनं आणि खालनं फोटो टाका, नाल शेवटची कधी काढली तेपण लिहा.