वापरलेला लॅपटॉप, लपवलेला दोष आणि बेत दीन (ज्यू धार्मिक न्यायालय)

प्रश्न: आम्ही ज्यू आहोत. ओळखीतल्याच एका ज्यू गृहस्थांकडून त्यांचा वापरलेला लॅपटॉप घेतला. "जसा आहे तसा, नंतर तक्रार चालणार नाही" असं ते म्हणाले होते. घरी आणल्यावर मशीन मध्येच बंद पडायला लागलं, चेक केलं तर मदरबोर्ड आधीच रिपेअर झालेला. आता ते म्हणतात थोडे पैसे परत घ्या आणि विषय संपवा. किंमतही जास्त लावली असं वाटतं. कोर्टात न जाता हलाखाप्रमाणे (ज्यू धार्मिक कायद्याप्रमाणे) काय होईल?

उत्तर: आधी लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवा, अगदी आजच! दोष असलेला माल कितीही उशिरा, अगदी काही वर्षांनीसुद्धा परत करता येतो, पण दोष कळल्यानंतर तुम्ही तो वापरत राहिलात तर तुम्ही तो चालवून घेतला असं धरतात आणि मग हक्क जातो. बरेच लोक इथेच अडकतात.

"तक्रार चालणार नाही" या मोघम वाक्याला घाबरू नका. रामबामने (मध्ययुगीन ज्यू कायदेपंडित मायमोनिडीज) स्पष्ट लिहिलंय की विकणाऱ्याने नेमका दोष सांगायला हवा, नुसती अट घालून सुटका नाही. थोडे पैसे घेऊन वस्तू ठेवा अशी जबरदस्ती ते करू शकत नाहीत, पण तुम्हीही "वस्तू ठेवतो, फरक द्या" असा हट्ट धरू शकत नाही, एकतर आहे तशी ठेवायची नाहीतर परत करून पूर्ण पैसे घ्यायचे. दोघं राजी असाल तर तडजोड कधीही करा, माझ्या मते आधी तेच बघा.

किंमतीचा मुद्दा मात्र सोडा. बाजारभावापेक्षा एक षष्ठांश जास्त घेतले तर फरक परत, त्याहून जास्त असेल तर व्यवहारच मोडता येतो, म्हणजे 60 ची वस्तू 70 ला दिली तर 10 परत. पण हे दुकानदाराला लागू, घरची वापरातली वस्तू विकणाऱ्याला नाही.

नाहीच जमलं तर बेत दीन. एक दयान (न्यायाधीश) तुम्ही निवडा, एक ते निवडतील, आणि ते दोघं मिळून तिसरा. पुरावा पैसे मागणाऱ्यानेच द्यायचा असतो, त्यामुळे त्यांचे मेसेज डिलीट करू नका आणि मदरबोर्डचं रिपेअर जुनं आहे हे टेक्निशियनकडून लेखी घेऊन ठेवा.